टायरच्या तीन जोड्या

आकाराम धुमाळ तुमच्याशी बोलताना तुमच्या तोंडाकडं कधी बघायचा नाही, तुमच्या टायरकडं बघायचा. तुम्ही स्कूटरवरून उतरून, घाम पुसत, सोयऱ्याच्या मयताची बातमी सांगत असलात तरी हा खाली वाकायचा, टायरवर अंगठ्याचं नख रोवायचा आणि म्हणायचा, "हवा कमी हाय. आन् मागला टायर आता देवाला सोडा." त्यानंतर मयत कोण झालं ते विचारायचा. मी त्याचा मित्र होतो. म्हणजे असं की त्याच्या मागच्या सीटवर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मी मधुकर, इस्लामपुराजवळच्या एका साखर कारखान्यात कारकून. ऊस आला की लिहायचं, नाही आला तर का नाही आला ते लिहायचं. आकाराम माझा शाळेपासूनचा सोबती. तो लष्करात ड्रायव्हर झाला आणि एकाहत्तरची लढाई झाल्यावर पेन्शन घेऊन घरी आला. पलटणीतून कुणी शिस्त घेऊन येतं, कुणी बाटलीची सवय. हा टायरांविषयीची मतं घेऊन आला, आणि एक जुनी जावा मोटरसायकल. घरी बैलजोडी होती, ऊस होता, चंद्राबाईसारखी कष्टाळू बायको होती. दुसरा कुणी असता तर सुखानं जगला असता.

पण एक मान्य करायला पाहिजे, जड जातं तरी करतो. टायरमधलं त्याला कळायचं. पंचक्रोशीत कुणाला टायर घ्यायचा झाला की आधी आकारामकडं यायचे. कासेगावचा डॉक्टर यायचा, ट्रकवाले यायचे, ट्रॅक्टरवाले यायचे. हा टायर मांडीवर घ्यायचा, त्याचा वास घ्यायचा, दाबून बघायचा, कानाशी धरायचा. रबर त्याच्या कानात काय सांगत होतं देव जाणे. मग मान हलवायचा किंवा हलवायचा नाही, त्यावर गिऱ्हाईक टायर घ्यायचं किंवा सोडायचं. त्या दिवशी आकाराम घरी चार घास जास्त जेवायचा. माणसं दारात येऊन विचारतात, ह्या एका गोष्टीवर तो जगत होता. चंद्राबाई चहा करकरून थकायची, पण तिलाही त्याचं कौतुक होतं. "आमच्या मालकांस्नी इचारल्याबिगर तालुक्यात चाक फिरत न्हाई," असं ती नळावर सांगायची.

अशा माणसाची गाठ एक दिवस शरच्चंद्र वकिलांशी पडायचीच होती, ती चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात पडली. वकीलसाहेब सांगलीचे. मोटारींवरची इंग्रजी मासिकं मागवायचे, इस्त्रीच्या पँटीवर मोटरसायकल चालवायचे आणि दर दसऱ्याला सांगलीबाहेरच्या माळावर, जुन्या धावपट्टीवर, मोटरसायकलींच्या शर्यती भरवायचे. नियमही त्यांचेच. गाडी घरून रस्त्यानं चालवत आणायची, त्याच टायरांवर पळवायची, त्याच टायरांवर परत न्यायची. नंबरप्लेट, दिवा, भोंगा जागच्या जागी पाहिजे. शर्यतीचे खास टायर आणाल तर बाहेर. नियम चांगला होता. वकिलांच्या हातून आयुष्यात झालेलं तेवढंच एक बरं काम.

आम्ही गूळ घालायला सांगलीला गेलो होतो. पेठेतल्या हॉटेलात वकील चार लोकांत बसून सांगत होते की टायर म्हणजे नुसतं रबर, सगळे सारखेच, शर्यत जिंकतो तो चालवणारा. आकारामनं बशी खाली ठेवली. मी त्याचा सदरा ओढला, पण उपयोग झाला नाही.

"वकीलसाहेब, पायात वहाण नसंल तर पळणाऱ्याच्या मांड्या काय कामाच्या?"

"तुम्ही कोण?" वकिलांनी विचारलं.

कुणीतरी सांगितलं की हे इस्लामपूरकडचे टायरवाले धुमाळ. वकील हसले. फार सभ्य हसायचे ते, त्यानंच डोकं जास्त फिरायचं. म्हणाले, "मग दसऱ्याला या. टायर निवडून शर्यत जिंकून दाखवा. जिंकलात तर ह्याच हॉटेलात उभा राहून सांगेन की मला टायरमधलं काही कळत नाही. हरलात तर तुम्ही पुन्हा कुणाला टायरविषयी एक शब्द सांगायचा नाही. कबूल?"

"कबूल," आकाराम म्हणाला. जमीन लावली असती तर मला कमी वाईट वाटलं असतं. जमीन त्याला एवढी प्यारी नव्हती.

झालं. तिथून दसऱ्यापर्यंत माझ्या आयुष्याची माती झाली. आकारामनं टायरच्या तीन जोड्या जमवल्या. एक रेघांची, म्हणजे टायरवर लांबच्या लांब सरळ रेघा. एक चौकड्यांची, चिखलात दात रोवणारी. आणि एक विलायती, पलटणीतल्या दोस्तानं गोव्याहून धाडलेली, हाताला मऊ लागणारी. ह्या तिन्हींची परीक्षा घ्यायची होती. परीक्षेला परीक्षक आकाराम आणि वजन म्हणून मागं मी.

पेठनाक्याच्या रस्त्यावर एका बाभळीजवळ तो ब्रेक दाबायचा आणि गाडी जिथं थांबेल तिथं मी चुन्याची रेघ मारायची. चुना कारखान्याचा. उसाचा रस साफ करायला आणलेला चुना मी रस्त्यावर ओढत होतो आणि येणारेजाणारे विचारत होते, "सायेब, रस्ता रुंद हुतोय काय?" मी हो म्हणायचो. दोन शेतकऱ्यांनी त्यावरून तलाठ्याला गाठलं, त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

पावसातली परीक्षा तर विचारूच नका. ऐन आषाढात तो मला वाईवरून पसरणीच्या घाटात घेऊन गेला, महाबळेश्वरचा पाऊस अंगावर घ्यायला. एकदा रेघांच्या जोडीवर, दुसऱ्यांदा चौकड्यांच्या, तिसऱ्यांदा विलायती. शहाणी माणसं महाबळेश्वरला थंड हवा खायला जातात. आम्ही ओल्या वळणावर गाडी किती कलते ते बघायला जात होतो, तेही महाबळेश्वरला न पोचता. प्रत्येक वळणानंतर तो उतरायचा, टायरला उलट्या हातानं शिवून बघायचा, तापलाय का गार आहे, आणि खूश होऊन मला सांगायचा. मी थंडीनं दात वाजवत "वा" म्हणायचो.

निकाल असा लागला. रेघांची जोडी म्हणजे घरंदाज, सरळ चाललात तर मरेपर्यंत साथ देईल, पण वळणावर मान वाकवायची नाही. चौकड्यांची जोडी चिखलात राणी, डांबरावर मात्र गुरगुरायची आणि डुलायची. विलायती जोडी झिजायची लवकर, वर्षभरही टिकली नसती, पण वळणावर गाडी भुईला टेकेपर्यंत कलली तरी धरून ठेवायची. आकारामनं विलायती जोडी निवडली. एवढं सगळं न भिजताही सांगता आलं असतं, असं मी म्हटलं, तर दोन दिवस बोलला नाही.

त्याच आषाढात बेंदूर, बैलांचा सण, आला. आमच्याकडं बेंदराच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात, तिथं लोणी आणि हळद चोळायची, जिरवायची, आणि बैलाला म्हणायचं, आता चार दिवस तुला काम नाही. चंद्राबाई हे काम कुणाला करू द्यायची नाही. ती गोठ्यात बसून खांदं मळत होती आणि तिचा नवरा दावणीला टेकून तिला टायर शिकवत होता. तिच्याशिवाय त्याचं एवढं ऐकणारं होतं तरी कोण. मी होतो, पण मला पर्याय नव्हता.

"हे बघ," तो टायर तिच्यापुढं धरून सांगत होता, "सरळ जाताना गाडी ह्या मधल्या पट्टीवर. पर वळणावर गाडी कलली, की मधलं समदं उचलतंय. मग तुझा नवरा, गाडी, समदा भार ह्या कडंवर. बोटभर जागा हाय बग."

चंद्राबाईनं लोण्याचा हात थांबवून त्या कडेकडं नीट बघितलं. "एवढ्याशा जाग्यावर समदा भार?"

"समदा."

"बिचारी," ती म्हणाली, आणि बैलाकडं वळली. आकाराम माझ्याकडं बघून हसला. बायकोला कळलं म्हणून त्याला आनंद झाला होता. खरंच कळलं होतं तिला, नको तेवढं कळलं होतं.

खंडेनवमीला आम्ही जावेवरून आणि चंद्राबाई यष्टीनं सांगलीला मुक्कामाला गेलो. चंद्राबाईची बहीण रंगूबाई माळाच्या रस्त्यालाच राहायची, तिच्या अंगणात जावा लावली. दारापासून धावपट्टीपर्यंत रस्ता सुतासारखा सरळ. दसऱ्याच्या सकाळी आकाराम आणि मी नाव द्यायला माळावर पायीच गेलो. आदल्या सांजेला त्यानं टायर पुसले होते, खडे काढले होते, हवा बघितली होती, आता त्यांना उगाच तापवायचं नाही म्हणून. आम्ही परत आलो तेव्हा जावेची पूजा झालेली होती. दिव्यावर कुंकू, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदीची बोटं. आकारामनं माळ तेवढी काढली, वाऱ्याला अडते म्हणून. चंद्राबाई पदराला हात पुसत बाजूला उभी होती.

"नीट जावा," ती म्हणाली. "आज काय न्हाई व्हायचं गाडीला. म्या बघितलंय."

आयुष्यभर दुसऱ्यांचे टायर वाकून बघणारा हा गृहस्थ त्या दिवशी स्वतःच्या टायरकडं बघायला वाकला नाही. रात्री बघितलेत की, म्हणाला. किक मारली आणि निघाला.

माळावर वकिलांनी गाड्या तपासल्या. भोंगे वाजवून बघितले, दिवे लावून बघितले. टायरांवर पिवळं दिसलं त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. दसरा होता, सगळ्याच गाड्या हळदीकुंकवानं माखलेल्या, वकिलांच्या गाडीवर तर आपट्याची पानंही होती. आकारामच्या टायरांवरून नजर फिरवून वकील म्हणाले, "छान आहेत. महाग असतील." माझं डोकं तिथंच गरम झालं.

धावपट्टीच्या दोन टोकांना डांबराची पिंपं ठेवली होती, त्यांना वळसा घालायचा. निशाण पडलं आणि आकाराम सुटला. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या पिंपाजवळ जाईपर्यंत तो सगळ्यांच्या पुढं होता. बाकीच्यांनी वेग कमी केला, त्यानं केला नाही. त्याला माहीत होतं की त्याचे टायर धरतात. पावसात, घाटात, मला मागं बसवून त्यानं ते बघितलं होतं. त्यानं गाडी कलवली, आणखी कलवली, गाडी कडेवर आली, आणि पुढच्या क्षणी गाडी एकीकडं आणि आकाराम दुसरीकडं, दोघंही माळ झाडत गेले. बाकीचे बाजूनं निघून गेले. मिरजेचा लालासाहेब म्हणून एकजण जिंकला, त्याच्या गाडीला रेघांचे जुने टायर होते, तेही टकले.

मी धावत पोचलो तेव्हा आकाराम बसलेला होता. डावा खांदा खाली लोंबत होता, तोंड मातीनं भरलं होतं. गाडी त्याच्या शेजारी आडवी, मागचं चाक फिरत होतं. मी गाडी उचलायला टायरला हात घातला तर हात सरकला. मी बोटं बघितली, पिवळी आणि तेलकट. वास घेतला. लोणी आणि हळद. दोन्ही कडांवर, बोटभर रुंदीवर, नीट जिरवून, मायेनं चोळलेलं लोणी. मधली पट्टी मात्र कोरडी ठणठणीत. म्हणूनच सरळ रस्त्यावर काही कळलं नव्हतं.

मी आकारामकडं बघितलं. त्याचा अंगठा टायरवर होता, सवयीनं. तो अंगठा त्यानं नाकाला लावला. मग त्यानं पलीकडं बघितलं. माळावरून चंद्राबाई पळत येत होती, पदर सुटलेला, मागं रंगूबाई. दुसऱ्या बाजूनं वकील आणि त्यांची मंडळी येत होती. आकारामनं उजव्या हातानं डोक्याचा फेटा ओढला आणि टायरच्या कडा पुसायला लागला. हाड मोडलेला माणूस टायर पुसत होता. मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचं चाकही पुसायला लावलं मला, नुसत्या डोळ्यांनी.

"काय झालं, धुमाळ?" वकिलांनी विचारलं.

"टायर घसरला."

"टायर?" वकील म्हणाले. हसले नाहीत, एवढं त्यांना श्रेय देतो. "विलायती होता ना?"

"व्हय. माजी निवड चुकली," आकाराम म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला वाटलं हुतं कळतंय. न्हाई कळत. तुमी म्हणता ते खरं."

चंद्राबाई तेवढ्यात पोचली आणि त्याच्याजवळ बसून रडायला लागली.

त्याला हाडवैद्याकडं नेलं, खांद्याची पट्टी बांधून घरी आणलं. दोन दिवसांनी चंद्राबाई वैरणीला गेली तेव्हा मी त्याच्या खाटेशी बसून सगळं काढलं. मला राग आवरत नव्हता. म्हटलं, "सांगलीला जाऊन वकिलाला सांगतो. टायरचा काही दोष नाही, तुझ्या निवडीचा दोष नाही. तू जिंकला असतास. तुझ्या टायरला लोणी होतं."

"लोणी कुणी लावलं, म्हणून इचारलं तर?"

"वहिनीनं लावलं म्हणून सांगीन. त्यात काय? तिला कळलं नाही."

"तिला समदं कळलं हुतं, मधू. म्या सांगितल्यालं. भार सोसतंय ते मळायचं, एवढंच तिला ठावं." त्यानं दाराकडं बघून आवाज उतरवला. "तिनं मला पाडलं, हे तिला कळलं तर ती जिती राहील का रं? न्हाई राहायची. गप ऱ्हा. माज्या गळ्याची आण हाय तुला."

तेवढ्यात ती आली. वैरण टाकली, हात धुतले आणि वाटी घेऊन आत आली. वाटीत लोणी आणि हळद. त्याच्या मोडक्या खांद्याला पट्टीच्या कडेकडेनं हळूहळू चोळत ती मला म्हणाली, "भावजी, देवाची कृपा. म्या त्या दिशी गाडीचं खांदं मळलं हुतं, म्हणून एवढ्यावर निभावलं. न्हाईतर काय खरं नव्हतं."

मी आकारामकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "मेलोच असतो."

त्यानंतर आकाराम धुमाळानं शब्द पाळला, फार काटेकोर पाळला, मला चीड येईल इतका. लोकही लवकर विसरतात. जे दारात रांग लावायचे ते "पडला बघा टायरवाला" म्हणून हसायला लागले, मग हसायचेही थांबले. वकील सांगलीत टायरचे जाणकार झाले. त्यांच्या सल्ल्यानं कासेगावच्या डॉक्टरानं टायर घेतले ते पावसाळ्यात ओढ्यात गेले, डॉक्टरासकट. डॉक्टर निघाला, टायर नाही. आकाराम मात्र आता माझ्या तोंडाकडं बघून बोलायचा, आणि मला ते सहन व्हायचं नाही. दर दसऱ्याला चंद्राबाई जावेच्या टायरच्या कडा लोण्याहळदीनं मळते. ती आत गेली की आकाराम राख आणि चिंध्या घेऊन बसतो आणि सगळं पुसून काढतो. मग गाडी बाहेर काढतो.

परवा तासगावकडचा एक पाहुणा आला होता, दादासो नावाचा, जुन्या काळचं कुठून तरी ऐकून. नवा टायर बैलगाडीतून घेऊन आला आणि आकारामच्या पुढ्यात ठेवला. "अण्णा, घिऊ का नगं, तेवढं सांगा." आकारामचा अंगठा टायरवर गेला. नख रुतलं. मला वाटलं आता वास घेईल. त्यानं हात मागं घेतला आणि मांडीखाली घातला.

"मला काय कळतंय," तो म्हणाला. "सांगलीत एक वकील हायत, त्यास्नी इचारा."

आतून चंद्राबाई म्हणाली, "आवं सांगा की. कळतंय की तुमाला."

"कुठलं कळतंय. पडलो की गं."

मग ती चहा घेऊन बाहेर आली आणि पाहुण्यापुढं बसून तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, माळ, शर्यत, पिंप, आणि आपण सकाळी उठून टायर कसे मळले होते, म्हणून हे कसे वाचले. पाहुणा आदरानं ऐकत होता. मधेच त्यानं आकारामकडं बघितलं, खरं का म्हणून.

"खरं हाय," आकाराम म्हणाला. "तुमीबी मळून घ्या."

आणि पाहुणा गेल्यावर त्यानं चिंध्या घेऊन तासगावच्या वाटेला मला पाठवलं, त्याला गाठून कानात सांगायला की मळलंस तर पुसून टाक.